ठगाची गरज हीच आपली खूण

ऑनलाइन गुंतवणुकीच्या नावाखाली होणारी फसवणूक वेळीच कशी ओळखावी, हे मराठी कुटुंबांना मराठीत सांगावे म्हणून ही पुस्तिका तयार झाली आहे. लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती ईलिंग आणि आसपासच्या पश्चिम लंडनमधली मराठी घरे: एलिझाबेथ लाइनने सिटीत कामाला जाणारे आयटी आणि बँकांमधले नोकरदार, रुग्णालयांतले डॉक्टर आणि परिचारिका, अनेक वर्षांपूर्वी येऊन आता निवृत्त झालेली पिढी. पण पुस्तिकेतला मजकूर पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात राहणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनाही तितकाच लागू आहे. दोन्ही घरांनी ती मिळून वाचावी अशी माझी इच्छा आहे, कारण या ठगांना दोन्ही घरांचे दरवाजे ठाऊक आहेत.

हे किती शब्दशः खरे आहे ते वनकॉइनच्या प्रकरणात दिसते. रुजा इग्नातोवा आणि तिचा साथीदार कार्ल सेबास्टियन ग्रीनवूड यांनी २०१४ मध्ये वनकॉइन नावाचे कथित आभासी चलन बाजारात आणले. जून २०१६ मध्ये ईलिंगपासून काही मैलांवरच्या वेम्बली अरिनात, हजारो लोकांपुढे, इग्नातोवाने सांगितले की दोन वर्षांत बिटकॉइनचे नावही कोणी काढणार नाही. दहा महिन्यांनी, एप्रिल २०१७ मध्ये, नवी मुंबई पोलिसांनी याच योजनेचा प्रचार करणाऱ्या अठरा जणांना अटक केली. वेम्बलीतल्या झगमगाटात आणि नवी मुंबईतल्या बैठकीत विकला जाणारा माल एकच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इग्नातोवा सोफियाहून विमानाने अथेन्सला गेली आणि बेपत्ता झाली. २०२२ मध्ये तिचे नाव एफबीआयच्या दहा सर्वाधिक हव्या असलेल्या गुन्हेगारांच्या यादीत आले. ग्रीनवूडला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकी सरकारी वकिलांच्या हिशेबाने जगभरातल्या पस्तीस लाखांहून अधिक लोकांचे चार अब्ज डॉलरहून जास्त पैसे या योजनेत गेले.

आभासी चलनाच्या मुळाशी, प्रत्येक व्यवहार कोणालाही तपासता येईल अशी एक सामाईक नोंदवही असते. तिला ब्लॉकचेन म्हणतात. वनकॉइनकडे अशी नोंदवही नव्हती. गुंतवणूकदाराला आपल्या खात्यात भाव दिसे. अर्ध्या युरोपासून निघालेला तो भाव काही वर्षांत जवळजवळ तीस युरोवर पोहोचला आणि मधल्या काळात एकदाही उतरला नाही. उतरणार कसा? तो बाजारात ठरतच नव्हता, कंपनी स्वतः आकडा लिहीत होती. नाणी विकून खरे पैसे घेण्याची जी अंतर्गत सोय होती, ती जानेवारी २०१७ मध्ये बंद पडली. पडद्यावरचा भाव त्यानंतरही चढत राहिला.

धोक्याच्या खुणांच्या याद्या आज कुठेही मिळतात. बँका देतात, पोलीस देतात. तरी माणसे फसतात, कारण यादी जुन्या फसवणुकीचे वर्णन करते आणि ठग नवे सोंग घेऊन येतो. म्हणून या पुस्तिकेने वेगळी वाट धरली आहे. सोंग कोणतेही असो, ठगाला काही गोष्टी कराव्याच लागतात. त्या केल्याशिवाय त्याचा धंदा चालत नाही. खूण म्हणजे त्या गरजेचे बाहेर दिसणारे टोक. गरज समजली की खूण पाठ करावी लागत नाही, नव्या वेषातही ती ओळखू येते.

पहिली गरज म्हणजे पैसा येत राहणे. खऱ्या गुंतवणुकीतून मिळणारा परतावा कुठल्या तरी धंद्याच्या नफ्यातून, भाड्यातून किंवा व्याजातून येतो, आणि म्हणून तो कमीजास्त होतो. ठगाकडे असा धंदाच नसतो. त्याला जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशांतून भागवावे लागतात. नवे लोक यावेत म्हणून परतावा मोठा आणि ठरलेला सांगावा लागतो, आणि आलेल्यांनी आणखी लोक आणावेत म्हणून दलाली द्यावी लागते. गेनबिटकॉइन ही योजना आठवा. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आश्वासन होते. तिचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. २०१७ मध्ये नव्या लोकांचा ओघ आटल्यावर परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या स्वतःच्याच चलनात दिला जाऊ लागला, आणि त्याची किंमत कितीतरी कमी होती. बाजारात किंमत असलेला पैसा आत घ्यायचा आणि घरी छापलेले नाणे परत द्यायचे, एवढाच हा व्यवहार. दामदुप्पट देणाऱ्या जुन्या योजनांचा गाभाही हाच होता. त्यामुळे कोणी ठरावीक मासिक वा साप्ताहिक टक्का सांगितला, आणि ‘चार माणसे आणा’ असेही सांगितले, तर एकच विचारावे: हा नफा नेमका कोणत्या कामातून होतो? उत्तरात ‘अल्गोरिदम’, ‘एआय’, ‘आतल्या गोटातली माहिती’ असे शब्द आले आणि कोणी तपासू शकेल असा हिशेब आला नाही, तर तिथेच थांबावे.

दुसरी गरज म्हणजे आपल्याला विचार करायला वेळ न मिळू देणे. खरी गुंतवणूक पुढच्या आठवड्यातही तशीच उभी असते. खोटी चौकशीपुढे टिकत नाही, म्हणून ‘आज रात्री बारापर्यंतच’, ‘आयपीओचा कोटा संपतोय’ अशी घाई होते. घाईच्या जोडीला गुप्तता येते. ‘बँकेने विचारले तर घराच्या दुरुस्तीसाठी पैसे पाठवतोय असे सांगा.’ ‘घरच्यांना नंतर आनंदाची बातमी द्या.’ बँकेतला माणूस आणि घरातला माणूस हे या धंद्यातले दोन मोठे अडथळे आहेत, म्हणून ठगाला ते आधीच दूर करावे लागतात. आपल्याच बँकेशी खोटे बोलायला सांगणारा कोणताही सल्लागार प्रामाणिक नसतो. या पुस्तिकेतले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे.

तिसरी गरज म्हणजे आधी थोडे देऊन विश्वास कमावणे. पुष्कळ शिकलेली माणसे इथेच फसतात, कारण त्यांनी स्वतःच्या समजुतीप्रमाणे परीक्षा घेतलेली असते. पाचशे पौंड घातले, सहाशे दिसले, शंभर काढून पाहिले, ते खरोखर खात्यात आले. परीक्षा झाली, असे वाटते. ते शंभर पौंड म्हणजे ठगाचा खर्च असतो, पुढच्या पन्नास हजारांसाठी केलेला. खरी कसोटी मोठी रक्कम काढताना लागते, आणि तेव्हा नवी भाषा सुरू होते: आधी कर भरा, मग पडताळणीचे शुल्क, मग मनी लाँडरिंगविरोधी तपासणीची अनामत. इथे थांबून स्वतःला विचारावे, खात्यात माझेच दोन लाख पौंड पडलेले असतील तर शुल्क त्यातूनच का कापून घेत नाहीत? कारण त्या खात्यात काहीच नाही. स्वतःचे पैसे परत मिळवण्यासाठी नवे पैसे भरायला सांगणे ही फसवणुकीची जवळजवळ निर्णायक खूण आहे.

चौथी गरज म्हणजे पैसा परत फिरवता येणार नाही अशा वाटेने नेणे. म्हणून कंपनीचे नाव एक आणि बँक खाते भलत्याच माणसाच्या नावे, दर वेळी नवे खाते, किंवा ‘आधी क्रिप्टो विकत घ्या आणि या पत्त्यावर पाठवा’. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकांनी ८५ हजार पौंडांपर्यंत परत करावेत, आणि तो भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मानिम्मा उचलावा. हा मोठा दिलासा आहे. पण ते संरक्षण ब्रिटनमधल्या बँक खात्यांमधल्या हस्तांतरणापुरतेच आहे. क्रिप्टोतून गेलेले पैसे त्यात येत नाहीत, परदेशात पाठवलेले पैसेही येत नाहीत. ईलिंगहून मुंबईच्या एखाद्या खात्यात ‘शेअरच्या स्कीम’साठी रक्कम पाठवणाऱ्याने हे पाठवण्याआधी ध्यानात घ्यावे.

पाचवी गरज म्हणजे उसनी अब्रू. ठगाला स्वतःची पत नसते, म्हणून तो दुसऱ्याची वापरतो. ब्रिटनमध्ये पैशांविषयी सल्ला देणारे मार्टिन लुईस यांचा चेहरा खोट्या जाहिरातींत इतका वापरला गेला की २०१८ मध्ये त्यांनी फेसबुकवर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि फसलेल्यांना मदत करणाऱ्या प्रकल्पासाठी फेसबुकने तीस लाख पौंड दिले. २०२३ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा बनावट व्हिडिओच आला. भारतात एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या अशाच बनावट व्हिडिओंबद्दल इशारा द्यावा लागला. ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज आता पुरावा राहिलेला नाही.

कंपनीचे नावही उसने असते. अधिकृत कंपनीचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक जसाच्या तसा उचलायचा आणि फक्त फोन नंबर आपला टाकायचा, असा हा प्रकार. अशा बनावट कंपन्यांनी एकट्या २०२० मध्ये ब्रिटनमधल्या लोकांचे ७ कोटी ८० लाख पौंड नेले. त्यामुळे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी, म्हणजे एफसीए, या नियामकाच्या नोंदवहीत नाव सापडले की काम संपत नाही. नोंदवहीतल्या फोन नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. आलेल्या संदेशातला नंबर वापरायचा नाही.

नोंदवही वाचायलाही शिकावे लागते. लंडन कॅपिटल अँड फायनान्स ही कंपनी एफसीएकडे नोंदलेली होती, पण ती जे रोखे विकत होती ते नियंत्रणाबाहेरचे होते. आठ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाची जाहिरात झाली, पैसे उभारून देणाऱ्या मार्केटिंग कंपनीला सुमारे पंचवीस टक्के दलाली गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा साडेअकरा हजारांहून अधिक लोकांचे सुमारे २३ कोटी ७० लाख पौंड अडकले. शंभरातले पंचवीस दारातच गेल्यावर उरलेल्या पंचाहत्तरांनी आठ टक्के कसे कमवायचे? म्हणून ‘कंपनी नोंदलेली आहे का’ याच्या पुढे जाऊन ‘मला विकला जाणारा हाच प्रकार तिच्या परवान्यात आहे का’ असे विचारावे लागते. उलट बाजूही पाहा. वनकॉइनबद्दल एफसीएने सप्टेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता, पण ऑगस्ट २०१७ मध्ये तो संकेतस्थळावरून काढला गेला आणि प्रचारकांनी तेच निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवले. इशाऱ्यांच्या यादीत नाव नसणे म्हणजे परवाना असणे नव्हे.

दुकान डोळ्यांनी पाहिले, म्हणून खात्री वाटली, असेही होते. मुंबईत दादरला टोरेस नावाने उघडलेले दागिन्यांचे भव्य दालन लोकांनी पाहिले होते, तिथे जाऊन खडे हातात घेतले होते, दर आठवड्याचा परतावाही काही काळ मिळाला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो थांबला आणि लोक त्याच दालनापुढे जमले. काचेचा दर्शनी भाग भाड्याने मिळतो, हे ऑनलाइन व्यवहारात आणखीच खरे आहे. चांगले संकेतस्थळ उभे करायला तर दालनाइतकाही खर्च येत नाही.

आता आपल्याविषयी. परदेशातल्या मराठी माणसाच्या पैशाला दोन देश असतात. इथे पेन्शन, आयसा नावाचे बचत खाते, घराचे हप्ते; तिथे एनआरओ खाते, वडिलांच्या नावची जमीन, विकलेल्या फ्लॅटची रक्कम. नियामकही दोन आहेत, इथे एफसीए आणि तिथे सेबी. ठग नेमका या दोघांच्या मधल्या फटीत उभा राहतो. इथल्या माणसाला तो सांगतो की ही भारतीय योजना आहे, एफसीएचा संबंध नाही. तिथल्या आईवडिलांना सांगतो की ही परदेशी कंपनी आहे, सेबीचा संबंध नाही. भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला परदेशी संस्थागत गुंतवणूकदाराच्या खात्यातून व्यवहार करता येत नाहीत, असा इशारा सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता, कारण व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आणि खोट्या ॲपमधून हेच आमिष दाखवले जात होते. कोणत्याही योजनेला दोन प्रश्न विचारावेत: पैसे कोणत्या देशातल्या कोणत्या संस्थेच्या हाती जाणार, आणि बुडाले तर मी कोणत्या देशातल्या कोणत्या कार्यालयात दाद मागणार? दोन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत तर व्यवहार करू नये.

निवृत्तीच्या वाटेवर असलेल्यांनी एक नियम विशेष लक्षात ठेवावा. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून, मोजके अपवाद सोडता, पेन्शनविषयी न मागता केलेला विक्रीचा फोन बेकायदा आहे. ‘तुमच्या पेन्शनचा फुकट आढावा घेतो’ म्हणणाऱ्याचे पुढचे ऐकण्याची गरजच नाही. पन्नाशीपुढच्यांना पेन्शन वाइज या सरकारी सेवेकडून मोफत मार्गदर्शन मिळते.

आपली दुसरी नाजूक जागा म्हणजे आपला एकमेकांवरचा विश्वास. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. परक्या शहरात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की मन मोकळे होते, भाड्याच्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळे एकमेकांना विचारून ठरते. हा विश्वास आपण कष्टाने मिळवलेला आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण वनकॉइनसारख्या योजना पसरल्या त्या नात्यांतूनच. ग्लासगोतल्या एका महिलेने स्वतःचे पैसे घातले, नातेवाइकांनाही घालायला सांगितले, आणि सत्य कळल्यावर तीच पुढे फसलेल्यांसाठी लढायला उभी राहिली. शिफारस करणारा बहुधा खोटारडा नसतो. त्याला स्वतःला पडद्यावरचा नफा दिसत असतो. त्यामुळे ‘काका कधी खोटं बोलणार नाहीत’ हे खरे असूनही योजना खोटी असू शकते. काकांना आदराने विचारावे, ‘काका, तुम्ही मोठी रक्कम काढून बघितली का?’ यात अविश्वास नाही. कदाचित त्या प्रश्नाने काकाच वाचतील.

फसणारा माणूस लोभी असतो ही समजूत मला सर्वांत जास्त घातक वाटते. यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार, लोकांना स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावणाऱ्या फसवणुकीत २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ४५ कोटी पौंड गेले, आणि त्यातले १४ कोटींहून अधिक गुंतवणुकीच्या नावावर. एवढे पैसे केवळ लोभापायी जात नाहीत. समोरचा ठग एकटादुकटा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुप या उद्योगसमूहावर निर्बंध घातले. डांबून ठेवलेल्या माणसांकडून या समूहाने जगभर खोट्या गुंतवणुकीचे जाळे चालवले, असा अमेरिकी सरकारी वकिलांचा आरोप आहे. समूहाने तो नाकारला आहे. लंडनमध्ये गोठवलेल्या मालमत्तेत सिटीतल्या फेनचर्च स्ट्रीटवरची सुमारे दहा कोटी पौंडांची इमारत आहे. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारमधल्या, अशीच फसवणूक चालवणाऱ्या केंद्रांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेलेली ही मुले स्वतःच फसलेली होती. आपल्याला ‘हाय’ असा संदेश पाठवणाऱ्या हातामागे एवढी यंत्रणा असू शकते. तिच्यापुढे एकटा माणूस हरला, तर लाज त्याची नाही.

लाजेपायी गप्प बसण्याने मात्र नुकसान वाढते. पहिले तास मोलाचे असतात. ब्रिटनमध्ये १५९ वर फोन केला की बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे तक्रार ०३०० १२३ २०४० या क्रमांकावर करता येते. भारतात १९३० हा क्रमांक आहे. तक्रार केल्यावर आणखी एक सावधगिरी हवी: ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा फोन येईल, कधी वकिलाच्या, कधी एफसीएच्याच नावाने. फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. पैसे सोडवण्यासाठी आधी पैसे मागणारा हा दुसरा ठग असतो.

पुस्तिकेच्या पुढच्या प्रकरणांत यातली एकेक गरज सविस्तर उलगडली आहे, नोंदवही कशी पाहावी हे पायरीपायरीने दाखवले आहे, आणि ज्येष्ठांशी या विषयावर न दुखावता कसे बोलावे यालाही एक प्रकरण दिले आहे. वाचकाला माझी विनंती एवढीच की ती वाचून कपाटात ठेवू नका. येत्या रविवारी आईवडिलांना फोन कराल तेव्हा एक गोष्ट ठरवून टाका: दोन्ही घरांपैकी कोणीही, कुणाच्याही सांगण्यावरून, नव्या ठिकाणी पैसे घालण्याआधी दुसऱ्या घराला सांगेल आणि एक दिवस थांबेल. ठगाला घाई आणि गुप्तता दोन्ही हवी असतात. या एका करारात त्याला दोन्ही मिळत नाहीत.

ईलिंग, पश्चिम लंडन